वसंताची तारीख कोणाच्या हाती?



स्मृतिव्याख्यानाला उभे राहणाऱ्याने पहिली पाच मिनिटे आपली पात्रता कशी नाही हे सांगण्यात घालवावीत, अशी आपल्याकडे रीत आहे. ती पाळली असे समजून मी थेट विषयाला हात घालतो.

२०२३ साली गुढीपाडवा २२ मार्चला आला. आदल्या दिवशी इराणात नवरोज झाला होता. पाडव्याच्याच दिवशी भारत सरकारच्या राष्ट्रीय पंचांगातला १ चैत्र उजाडला, पण त्याची दखल सरकारी राजपत्राखेरीज कोणी घेतली असेल असे वाटत नाही. म्हणजे त्या वर्षी तीन नववर्षे जवळजवळ एका ओळीत उभी होती. पुढच्या वर्षी ती ओळ मोडली. २०२४ चा नवरोज २० मार्चला आणि राष्ट्रीय चैत्र २१ मार्चला, पाडवा मात्र ९ एप्रिलला. त्याच वर्षी होळी २४ मार्चला पेटली, आठवड्याने ३१ मार्चला ईस्टर आले, आणि ग्रीस-रशियातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळींचे ईस्टर थेट ५ मे रोजी. सण वसंताचे, सूर्य एकच, चंद्रही एकच. मग ही पांगापांग कशामुळे?

याचे शाळेतले उत्तर आपल्याला पाठ आहे: कोणी सूर्य धरतो, कोणी चंद्र धरतो, कोणी दोघांची सांगड घालतो. उत्तर बरोबर आहे, पण अर्धे. कॅलेंडरचा इतिहास चाळू लागलो की दिसते ते असे, की गणित करणारी माणसे सगळीकडे होती आणि त्यांना चूक कुठे आहे हे बहुतेक वेळा ठाऊक होते. चूक कळणे वेगळे आणि ती दुरुस्त करून लोकांकडून पाळून घेणे वेगळे. दुसऱ्या कामाला अधिकार लागतो. सणाची तारीख हलवण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि कोणाकडे नव्हता, यावर आजची ही सगळी पांगापांग अवलंबून आहे. एवढेच मला आज मांडायचे आहे. सगळ्या जगाची यात्रा मी करणार नाही. इराण आणि मुंबई यांच्यापाशी जास्त रेंगाळणार आहे, कारण गोष्ट तिथे सर्वांत रंगते.

नवरोज म्हणजे वसंतसंपाताचा सण. दिवस आणि रात्र समान होतात, सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो, त्या क्षणाला इराणात वर्ष ‘पालटते’. हा क्षण पहाटे तीनला आला तर घरातली माणसे पहाटे तीनला नवे कपडे घालून ‘हफ्त-सीन’ भोवती बसतात. सीन या अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तू मांडायच्या: गव्हाचे किंवा मसुराचे हिरवे अंकुर, अंकुरलेल्या गव्हाचा शिजवलेला ‘समनू’, सफरचंद, लसूण, सिरका, सुमाक आणि सेंजेद नावाचे सुके फळ. त्याआधीच्या शेवटच्या मंगळवारी रात्री जाळ करून त्यावरून उड्या मारायच्या, आणि तेराव्या दिवशी घराबाहेर पडून ते अंकुर वाहत्या पाण्यात सोडायचे. हे सगळे इतके जुने आणि इतके निसर्गाच्या तालातले वाटते की नवरोज अनादि काळापासून २० किंवा २१ मार्चलाच होत आला असावा, असे कोणीही धरून चालेल. फिर्दौसीच्या शाहनाम्यात तर त्याचा संबंध जमशीद राजाशी लावला आहे.

प्रत्यक्षात शेवटचा सासानी राजा तिसरा यज़्देगर्द ६३२ साली गादीवर आला तेव्हा नवरोज १६ जूनला होता! कारण इराणी वर्ष ३६५ दिवसांचे होते, वरचा पाव दिवस त्यात मोजलेला नव्हता. त्यामुळे दर चार वर्षांनी नवरोज एक दिवस अलीकडे सरकायचा. १२० वर्षांनी एक अख्खा महिना वाढवून ही तूट भरून काढायची, अशी कल्पना होती. पण महिना वाढवायला राजा लागतो. यज़्देगर्द अरबांपुढे हरला, राज्य गेले, आणि महिना वाढवणारा उरला नाही. नवरोज जूनमधून मेमध्ये, मेमधून एप्रिलमध्ये असा मागे मागे येऊ लागला.

हे सरकणे कोणाच्या डोळ्यांत भरले? कवींच्या नाही, पुरोहितांच्याही नाही. ते भरले शेतकऱ्यांच्या आणि वसुली खात्याच्या. अरबांनी राज्य घेतले तरी जमीनमहसूल इराणी वर्षाप्रमाणे, नवरोजपासून गोळा करण्याची पद्धत चालू ठेवली. आता नवरोज एप्रिलमध्ये आला आणि पीक अजून शेतात हिरवे, अशी गत झाली. विकायला धान्य नाही आणि दारात वसुलीचा कारकून उभा. शेवटी बगदादच्या खलिफा अल-मुअतदिदने ८९५ साली महसुलासाठीचा नवरोज ११ जूनला नेऊन ठेवला. इस्लामचा खलिफा अग्निपूजकांच्या सणाची तारीख ठरवतो आहे, आणि तीही धर्मासाठी नव्हे, खजिन्यासाठी.

मग १०७९ साल येते. सेल्जुक सुलतान मलिकशाहने इस्फहानच्या वेधशाळेत ज्योतिषी जमवले होते, त्यांत उमर खय्याम होता. आपल्याकडे खय्याम म्हटले की रुबाया आणि सुरई आठवते. त्या काळी त्याची ख्याती गणिती म्हणून होती. जुन्या मोजणीचा १ फर्वर्दीन तोवर संपाताच्याही मागे, फेब्रुवारीअखेरीस गेलेला होता. या मंडळींनी अठरा दिवस काढून टाकले आणि जुना १९ फर्वर्दीन हाच नवा १ फर्वर्दीन ठरवला. यापुढे वर्ष संपातालाच सुरू होईल, असा नियम केला. सुलतानाच्या जलालुद्दौला या पदवीवरून हे ‘जलाली’ कॅलेंडर. नवरोज वसंताच्या पहिल्या दिवशी कायमचा बांधला गेला तो इथे. आज जो नवरोज आपण ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणून पाहतो, त्याची तारीख तुर्की वंशाच्या मुसलमान सुलतानाच्या हुकमाने पक्की झाली आहे.

इराणने १९२५ साली कायद्याने जो सौर हिजरी पंचांगाचा नियम घेतला तो याच वाटेचा. तेहरानच्या वेळेनुसार संपात मध्यान्हाआधी झाला तर तोच दिवस १ फर्वर्दीन, नंतर झाला तर दुसरा. त्यानंतरही एका सत्ताधीशाला हात शिवशिवल्याशिवाय राहवले नाही. १९७६ मध्ये शाह मोहम्मद रझा पहलवीने हिजरी गणना काढून सायरसपासून वर्षे मोजायला लावली आणि १३५५ साल एका रात्रीत २५३५ झाले. लोक चिडले. क्रांतीचे वारे वाहू लागल्यावर १९७८ मध्ये ते गुपचूप मागे घेण्यात आले. शाहला वर्षाचा आकडा बदलता आला, पण नवरोजच्या दिवसाला हात लावण्याची हिंमत त्यालाही झाली नाही, आणि त्याच्यानंतर आलेल्या आयातुल्लांनाही नाही.

आता मुंबईकडे या. इराणातून निघून संजाणला उतरलेल्या पारशांनी पंचांग बरोबर आणले ते ३६५ दिवसांचेच. राज्य त्यांचे नव्हते. गुजरातच्या किनाऱ्यावर खलिफा नाही, मलिकशाह नाही, खय्याम नाही. साधारण बाराव्या शतकात त्यांनी एक महिना वाढवला, पण पुढच्या १२० वर्षांनी वाढवायचे राहून गेले ते राहूनच गेले. इराणात उरलेल्या जरथुश्त्री मंडळींनी तर तो एकही महिना वाढवला नव्हता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इराणातून दस्तूर जामास्प विलायती सुरतेला आले, तेव्हा दोन्हीकडच्या पंचांगांत बरोबर एका महिन्याची तफावत आहे हे उघड झाले. पारशांच्या प्रार्थनेत दिवसाचे नाव, महिन्याचे नाव घ्यावे लागते. नाव चुकले तर प्रार्थना पोचेल का, असा प्रश्न भाविक माणसाला पडणारच.

१७४५ साली सुरतेत काहींनी इराणी मोजणी घेतली. ते कदमी. बाकीचे शहेनशाही. हा वाद नुसता ग्रंथांतला नव्हता. भरूचचा होमाजी नावाचा एक शहेनशाही पारशी एका कदमी स्त्रीवर हल्ला केल्याच्या आरोपावरून १७८३ मध्ये मुंबईत फासावर गेला. तो निर्दोष होता अशी समाजाची श्रद्धा आहे आणि आजही त्याच्या नावाने प्रार्थना केली जाते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत या ‘कबीसा’च्या, म्हणजे महिना वाढवण्याच्या प्रश्नावर ग्रंथ आणि पत्रके निघाली. मुल्ला फिरोज यांच्यासारखा पंडित कदमींची बाजू लढवत होता. दोन्ही बाजूंना आपली मोजणी खरी वाटत होती. गंमत अशी की वसंताच्या दृष्टीने दोन्ही चुकलेल्या होत्या.

ते सांगायला १९०६ साली खरशेदजी रुस्तमजी कामा पुढे आले. त्यांनी जरथोस्ती फसली साल मंडळ काढले आणि म्हटले, नवरोज २१ मार्चलाच हवा आणि चार वर्षांनी एक दिवस वाढवला पाहिजे. कामा हे प्राच्यविद्येचे नावाजलेले अभ्यासक होते, समाजात त्यांना मान होता, गणित त्यांच्या बाजूचे होते. तरीही मुंबईचा बहुसंख्य पारशी समाज शहेनशाहीच राहिला. आता दोनाऐवजी तीन पक्ष झाले, एवढाच फरक. महाराष्ट्र सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीत पारशी नववर्ष ऑगस्टच्या मध्यावर दिसते ते शहेनशाही. त्याआधी महिनाभर कदमी. चौदाशे वर्षांपूर्वी जूनमध्ये असलेला नवरोज दर चार वर्षांनी एक पाऊल मागे टाकत टाकत वर्षाची जवळजवळ पूर्ण प्रदक्षिणा घालून कदमींच्या हिशेबात पुन्हा जुलैपर्यंत आला आहे.

आणि २१ मार्चचे काय? ‘जमशेदी नवरोज’ म्हणून तोही साजरा होतो. शहेनशाही, कदमी, फसली सगळे करतात. सकाळी रवो, गोड दही आणि शेवया, मग अग्यारी. ज्याची दुरुस्ती करायला राजा मिळाला नाही त्या समाजाने दोन नववर्षे ठेवून घेतली. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो. तो कुठल्या समितीने काढलेला नाही, हे वेगळे सांगायला नको.

नवरोजबद्दल एक उपकथा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अफगाणिस्तानात मझार-ए-शरीफला हजरत अलींच्या दर्ग्यात नवरोजच्या दिवशी एक उंच, कापडाने सजवलेली काठी उभी करतात. हे ऐकले की मराठी माणसाच्या तोंडून हमखास निघते, ‘अहो, ही तर आपली गुढी!’ मी तसे म्हणणार नाही. काठी उभी करणे ही माणसाची फार साधी क्रिया आहे, त्यावरून नाती जुळवू लागलो तर जगातला प्रत्येक ध्वजस्तंभ आपला भाऊबंद निघेल. मला त्या काठीत रस आहे तो निराळ्या कारणाने. तालिबान पहिल्यांदा सत्तेवर आले तेव्हा त्यांनी नवरोज बंद पाडला, दुसऱ्यांदा आले तेव्हा २०२२ मध्ये त्याची सरकारी सुट्टी काढली. तुर्कस्तानात कुर्दांचा नवरोज कित्येक वर्षे बंदीखाली होता. कावा लोहाराने जुलमी राजाविरुद्ध बंड केले तो दिवस अशी त्यांची कथा असल्यामुळे त्यांच्या होळीचा धूर सरकारला बंडाचा धूर वाटत असे, आणि तसा तो असेही. आपल्याकडे अकबराने दरबारात नवरोजचा थाट सुरू केला, औरंगजेबाने गादीवर येताच तो बंद केला. युनेस्कोने २००९ मध्ये नवरोजला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा प्रस्ताव मांडणाऱ्या देशांत भारतही होता. वसंत साजरा करायला राज्यकर्त्याची परवानगी लागावी हे विचित्र खरे, पण ती मागितली गेली आहे, नाकारली गेली आहे, आणि कित्येकदा न मागताच सण झाला आहे.

ख्रिस्ती जगाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती बऱ्यापैकी माहितीची आहे. येशूचा मृत्यू ज्यूंच्या पासओव्हर सणाच्या वेळी झाला आणि पासओव्हर हा निसान महिन्याच्या पौर्णिमेचा. निसान वसंतात पडावा म्हणून ज्यू पंचांगात अधिक महिना घालतात, एकोणीस वर्षांत सात. पुढे याचे पक्के गणित ठरले. त्याआधी जेरुसलेमचे धर्मपंडित संपाताच्या जोडीने शेतातले जव पिकले आहेत का, झाडांना फळे धरली आहेत का, हेही पाहून महिना वाढवायचा की नाही ते ठरवत. कॅलेंडर कसे करावे याचे इतके सुंदर वर्णन मी दुसरे ऐकलेले नाही. पण पांगलेल्या समाजाला हे जमेना. जगभर विखुरलेल्या माणसांना एका रानातले जव कसे दाखवणार?

त्या पांगलेल्यांपैकी काही आपल्या रायगड जिल्ह्यात तेलाच्या घाण्यावर राबत होते. शनिवारी काम न करणारे म्हणून त्यांना शनवारतेली म्हणत. हे बेने इस्रायल मराठी बोलत आणि सणांना मराठी नावे देत. पुरीम या सणाला ते ‘होळीचा सण’ म्हणत, कारण पुरीम अदार महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमाराला येतो आणि शेजारच्या वाडीत तेव्हा होळी पेटलेली असते. हा योगायोग नुसता ऐकीव नाही. २०२५ मध्ये पुरीम १४ मार्चला आला आणि आपली धुळवडही १४ मार्चलाच. बॅबिलोनपासून कोकणापर्यंत चंद्रसूर्यांची सांगड घालण्याचा हिशेब एकाच जातीचा, एकोणीस वर्षांत सुमारे सात अधिक मास, त्यामुळे हे सण बहुतेक वेळा एकमेकांचा हात धरून चालतात. कधी अधिक मास वेगवेगळ्या वर्षी पडला तर महिनाभराचे अंतर पडते, पुढच्या वर्षी पुन्हा गाठ पडते.

चर्चने ३२५ साली निकाया येथील परिषदेत ईस्टर ज्यूंच्या हिशेबापासून तोडले. पुढे नियम पक्का झाला तो असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या पट्ट्यात फिरते. पण ज्युलियन वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा अकरा मिनिटांनी मोठे होते आणि सोळाव्या शतकापर्यंत संपात १० दिवस अलीकडे घसरला. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणला. इथेही तोच खेळ. पोपचा अधिकार जिथे चालत होता तिथे दहा दिवस गेले, जिथे चालत नव्हता तिथे राहिले. इंग्लंडने १७५२ पर्यंत वाट पाहिली. ऑर्थोडॉक्स चर्चे ईस्टरसाठी आजही बहुतांशी ज्युलियन हिशेब धरतात, त्यांचा कागदावरचा २१ मार्च आपल्या ३ एप्रिलला येतो. २०२५ मध्ये दोन्ही ईस्टर २० एप्रिलला एकत्र आली, आणि ते वर्ष निकायाचे सतराशेवे होते. तारीख एकच असावी अशी चर्चा पुन्हा झाली. ब्रिटिश संसदेने तर १९२८ मध्येच ईस्टर एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी बांधून टाकणारा कायदा मंजूर केला आहे. तो अजून अमलात आलेला नाही.

इंग्रजांचे नववर्षही १७५२ पूर्वी वसंतातच, २५ मार्चला सुरू होई. खंड आणि भाडी चुकती करण्याचा तोच दिवस. अकरा दिवस गाळल्यावर लोक अकरा दिवसांचा कर जास्त भरायला तयार होईनात, म्हणून तो दिवस ५ एप्रिलला गेला, नंतर आणखी एक दिवस पुढे. ब्रिटनचे करवर्ष आजही ६ एप्रिलला उघडते. आपले आर्थिक वर्ष १८६७ पासून १ एप्रिलला उघडते तेही इंग्रजी वर्षाशी जुळवून घेण्यासाठी. बगदादच्या खलिफाची युक्ती आपल्या चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात मार्चअखेरच्या रात्री जागी असते, असे म्हणायला हरकत नाही.

आता आपल्या घरात येऊ. महाराष्ट्रात वर्ष कधी सुरू होते, असे एखाद्या शिवकालीन कारकुनाला विचारले असते तर त्याने ‘कोणते वर्ष?’ असे उलट विचारले असते. धार्मिक संकल्पात शालिवाहन शक, चैत्रापासून. सरकारी कागदात सुहूर सन, ज्याला मृगसाल म्हणत, कारण ते सूर्य मृगात शिरताना, पेरणीच्या तोंडावर सुरू होई. महसुलाला हेच सोयीचे. व्यापारी दिवाळीत वह्या बदलत. आणि १६७४ च्या ज्येष्ठात राज्याभिषेक शकही सुरू झाला. चार वर्षे एकत्र नांदत होती आणि कोणाचे काही अडत नव्हते.

अडचण दुसरीच होती, आणि तिच्यावर एकोणिसाव्या शतकातली मराठी माणसे जिवाच्या कराराने भांडली. आपले पंचांग निरयन आहे. ते वर्ष ताऱ्यांच्या सापेक्ष मोजते, ऋतूंच्या नव्हे. संपातबिंदू दर वर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो, म्हणजे बहात्तर वर्षांत एक अंश. त्यामुळे सूर्याची मेष संक्रांत आज संपाताला न होता तीनएक आठवडे उशिरा, १३-१४ एप्रिलला होते, आणि तिच्याशी बांधलेला चैत्र हळूहळू ऋतूच्या पुढे चालला आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांनी वेधांशी जुळणारे पंचांग सुरू केले, तेच पटवर्धनी पंचांग. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८८० च्या दशकात त्याही पुढे जाऊन सायन, म्हणजे ऋतूंना धरून चालणारे पंचांग छापायला सुरुवात केली. दीक्षित दापोलीजवळच्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. त्यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेला भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास हा मराठीतल्या थोर ग्रंथांपैकी एक आहे, आणि तो वाचणाऱ्याला कळते की हा माणूस वादात कोणाचीही भीड ठेवत नाही. चैत्र वसंतात यावा हे धर्मशास्त्रालाच अभिप्रेत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. व्यंकटेश बापूजी केतकरांना ते मान्य नव्हते, ते निरयनच पण चित्रा ताऱ्याला धरून. लोकमान्य टिळक छत्र्यांचे शिष्य, त्यांचा पक्ष रेवती ताऱ्याचा. राशिचक्राच्या या दोन्ही आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचे अंतर.

चार अंश म्हणजे काय ते कोकणात विचारा. काही वर्षी टिळक पंचांगाचा अधिक मास आणि इतरांचा अधिक मास वेगळा पडतो, आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घरी गणपती एक महिना आधी येऊन जातात. शेजारी दर्शनाला जातात, मोदक खातात, आणि पुढच्या महिन्यात त्यांना परत जेवायला बोलावतात. पारशांनी दोन नवरोज ठेवून घेतले तसेच हे.

स्वतंत्र भारताला वाटले की आता गणित आणि अधिकार दोन्ही आपल्याकडे आहेत. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर तिच्यात होते. देशात तीसएक पंचांगे वापरात असल्याचे समितीने दाखवून दिले. १९५५ चा अहवाल शास्त्रीय दृष्टीने देखणा आहे: वर्ष संपाताच्या दुसऱ्या दिवशी, २२ मार्चला, लीप वर्षी २१ ला सुरू करा, उन्हाळी बाजूचे महिने ३१ दिवसांचे कारण तेव्हा सूर्याची गती मंद असते, बाकीचे ३० चे. खय्यामला हे पटले असते. साहा १९५६ च्या फेब्रुवारीत वारले आणि २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ ला, राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. साहांनी ते पाहिले नाही, आणि खरे सांगायचे तर देशानेही पाहिले नाही. ते राजपत्रात छापले जाते, आकाशवाणीवर सांगितले जाते. त्या दिवशी कोणाच्याही घरी गोडधोड होत नाही.

चूक कुठे झाली? माझ्या मते समितीने एक तडजोड केली, तिथे. सरकारी तारखांसाठी सायन वर्ष घेतले, पण सणांसाठी निरयन हिशेब कायम ठेवला, अयनांश, म्हणजे संपात आणि ताऱ्यांचा आरंभबिंदू यांतले अंतर, २३ अंश १५ कला धरून. राजकीयदृष्ट्या हे शहाणपणाचे असेल. पण सण काढून घेतल्यावर कॅलेंडरमध्ये उरते काय? नुसत्या तारखा. त्या द्यायला जानेवारी-डिसेंबर आधीच हजर होते. नवरोजच्या तारखेत खय्यामच्या गणिताबरोबर समनू होता, जाळावरच्या उड्या होत्या. १ चैत्राच्या सरकारी दिवसाला कडुनिंबाचे पानसुद्धा मिळाले नाही.

उलट उदाहरण पूर्वेला आहे. बंगाली वर्षही निरयनच. ढाक्याच्या बांगला अकादमीने मुहम्मद शहीदुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने १९६६ मध्ये महिन्यांची लांबी ठरवून दिली, बांगलादेशाने ती १९८७ मध्ये अधिकृत केली, आणि तिथला पोहेला बैशाख १४ एप्रिलला स्थिर झाला. पश्चिम बंगालात तो बहुधा १५ ला. सीमेच्या अलीकडे-पलीकडे एकच भाषा, एकच सण, दोन दिवस. पण ढाक्याची सुधारणा लोकांनी उचलली, कारण तोवर त्या सणाला दुसराच अर्थ आला होता. रवींद्रनाथांना नको म्हणणाऱ्या पाकिस्तानी राजवटीत १९६७ पासून छायानट संस्थेचे गायक रमना उद्यानातल्या झाडाखाली पहाटे गाऊ लागले. २००१ साली त्या मैफलीत बॉम्बस्फोट झाला, माणसे मेली, पुढच्या वर्षी गाणे झालेच. समितीने तारीख दिली, लोकांनी तिच्यासाठी किंमत मोजली.

जपानमध्ये मेजी सरकारने १८७३ च्या १ जानेवारीपासून पाश्चात्त्य कॅलेंडर आणले आणि वसंताच्या उंबरठ्यावरचे नववर्ष कडाक्याच्या थंडीत नेऊन ठेवले. लोकांनी ते हळूहळू घेतले. पण चेरीचा बहर कोणाला हलवता येईना. क्योतोमध्ये दरबारी रोजनिश्यांमधून नवव्या शतकापासूनच्या बहराच्या तारखा जुळवता येतात. यासुयुकी आओनो या संशोधकाने ती मालिका बांधली. २०२१ मध्ये क्योतोतला पूर्ण बहर २६ मार्चला आला, तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत सर्वांत लवकर. त्याआधीचा विक्रम २७ मार्च १४०९ चा होता. म्हणजे आता झाडेही तारीख बदलू लागली आहेत, आणि त्यामागे ना पोप आहे ना सुलतान. आपण सगळे मिळून ते करतो आहोत.

आमच्याकडे आंब्याच्या मोहराची अशी रोजनिशी कोणी ठेवली नाही, याचे मला वाईट वाटते. बखरी आहेत, मोडी दफ्तरे आहेत, महसुलाचे ताळेबंद आहेत, पण मोहर कधी आला हे कोणी लिहिले नाही. निदान इथून पुढे शाळांनी ते लिहावे. खर्च एका वहीचा.

राहता राहिला आपल्या चैत्राचा प्रश्न. मकरसंक्रांत पूर्वी १३ जानेवारीला येई, मग १४ ला आली, आता अधूनमधून १५ ला येते. पाडव्याचेही तेच होणार, सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस. एका माणसाच्या आयुष्यात एकच दिवस सरकतो, म्हणून प्रत्येक पिढीला तो प्रश्न पुढच्या पिढीवर टाकता येतो, आणि दीक्षितांपासून आजपर्यंत आपण तो टाकत आलो आहोत. गणित तयार आहे, १८९६ पासून छापील स्वरूपात आहे. ते लागू करण्याचा अधिकार कोणाचा, याचे उत्तर मात्र ना दीक्षितांना मिळाले, ना साहांना. माझ्यापाशी ते असते तर मी ते व्याख्यानाच्या सुरुवातीलाच सांगून टाकले असते.